ड्रायरखालचं पाणी: गळतंय कुठून, ते शोधायचं कसं

जून संपता संपता साताऱ्यात घरोघरी एकच रडगाणं सुरू होतं: कपडे वाळत नाहीत. अजिंक्यताऱ्यावर ढग उतरले की गॅलरीतल्या दोरीवरची जीन तीन-तीन दिवस ओलीच राहते आणि वर तिला कुबट वास सुटतो. कास-बामणोली, पाटण-कोयना, महाबळेश्वर या बाजूला तर विचारूच नका. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे हवाच ओलीचिंब, मग कपड्यातलं पाणी जाणार कुठे? म्हणून लोक ड्रायर घेतात. आणि मग एखाद्या सकाळी दुसरंच रडगाणं सुरू होतं: कपडे वाळवायला आणलेलं मशीन, आणि त्याच्याच खाली तळं!

ऐकायला विचित्र वाटतं, पण ड्रायरमध्ये पाणी असणारच, तेही बरंच. पाच किलो सुती कपडे वॉशिंग मशीनने मिनिटाला 1000 फेऱ्यांच्या वेगाने पिळले, तरी त्यांच्यात साधारण तीन लिटर पाणी उरतं. वेग 800 असेल तर साडेतीन लिटरच्या आसपास, 1400 असेल तर अडीच. हे सगळं पाणी कपड्यातून काढून बाहेर पोचवायचं, एवढंच ड्रायरचं काम. त्यासाठी प्रत्येक मशीनमध्ये पाण्याची एक ठरलेली वाट असते. गळती म्हणजे पाण्याने ती वाट सोडली. म्हणून ‘कुठला पार्ट गेला?’ हे नंतर विचारावं. ‘आपल्या मशीनमध्ये पाणी कुठून कुठे जातं, आणि मध्येच कुठे सुटलं?’ हे आधी बघावं. एवढं कळलं तर निम्म्या वेळा मिस्त्रीला फोन करावाच लागत नाही.

मशीन कोणतं, ते आधी ठरवा

ड्रायर म्हणून घरात चार वेगळी मशीनं असू शकतात. सेमी-ऑटोमॅटिकमधला पिळणारा टब हा एक. त्यालाही आपण ड्रायरच म्हणतो. दुसरा गरम हवा पाइपातून घराबाहेर सोडणारा व्हेंटेड ड्रायर. तिसरा कंडेन्सर ड्रायर, ज्यात ओल्या हवेचं पुन्हा पाणी करून ते टाकीत साठवतात. हीट पंप ड्रायर हा त्याचाच वीज वाचवणारा भाऊ. चौथं धुणं आणि वाळवणं एकाच ड्रममध्ये करणारं वॉशर-ड्रायर. चारही मशीनांत पाण्याची वाट वेगळी, त्यामुळे गळायच्या जागाही वेगळ्या. शेजारच्या काकूंच्या मशीनचा उपाय आपल्याला लागू पडेलच असं नाही, तो यामुळे.

मग फडकं आणा

ओळखीतले एक मिस्त्री घरात आले की पिशवी उघडायच्या आधी सांगतात, “वहिनी, आधी फडकं द्या, पाना नंतर.” त्यांची पद्धत साधी आहे आणि कुणालाही जमेल अशी आहे.

प्लग काढायचा. ओल्या फरशीवर उभं राहून, ओल्या हाताने काढायचा नाही. बोर्डावर पाणी उडालेलं असेल तर मेन स्विचच बंद करायचा. मशीनभोवतीची आणि खालची फरशी पुसून ठणठणीत कोरडी करायची. मग चारी बाजूंनी जुन्या पेपरची पानं अर्धी मशीनखाली सरकतील अशी पसरायची आणि नेहमीसारखे कपडे टाकून मशीन चालू करायचं. पेपर सर्वात आधी कुठे भिजला आणि तेव्हा घड्याळात किती वाजले होते, एवढंच टिपायचं.

इथे आपल्या घरांची एक गंमत लक्षात ठेवावी लागते. मोरीत, न्हाणीत किंवा गॅलरीत फरशीला जाळीकडे उतार दिलेला असतो. मशीनच्या मागच्या कोपऱ्यातून सुटलेला थेंब त्या उताराने पुढे येतो आणि दाराखाली तळं करतो. बघणाऱ्याला वाटतं, दारच गळतंय. पेपर ठेवलेला असला की मागचं पान आधी ओलं झालेलं दिसतं आणि फसगत टळते.

वेळेवरूनही बरंच कळतं. मशीन चालू केल्या केल्या पाणी आलं, तर ते बहुधा मागच्या वेळचं आत साठलेलं पाणी असतं, नाहीतर कपडेच निथळत्या अवस्थेत आत गेलेले असतात. मध्यावर आलं तर पंप, पाइप नाहीतर रबर. अगदी शेवटी आलं तर टाकी भरून वाहिली. आणि मशीन बंद असताना आलं, तर ते पाणी ड्रायरचं नसण्याचीच शक्यता जास्त. शेजारचं वॉशिंग मशीन, नळाची जोडणी किंवा भिंतीतली पाइपलाइन बघावी. पाणी बोटावर घेऊन चोळून बघा. बुळबुळीत लागलं, फेस आला, वास आला तर ते धुण्याचं पाणी. कंडेन्सरचं पाणी जवळपास स्वच्छ असतं, फार तर थोडी लव, म्हणजे कपड्यांचे सुटलेले बारीक तंतू, तरंगते.

सेमी-ऑटोमॅटिकचा टब

इथली कारणं मोजकी आहेत. बहुतेक सेमी मशीनना पाणी वर ढकलणारा पंप नसतो. पाणी आपलं आपण उताराने जातं. म्हणून ड्रेन पाइप जमिनीलगत सपाट पडलेला हवा. तो मोरीच्या कट्ट्यावरून चढवून पलीकडे सोडला की पाणी टबाखाली तुंबतं आणि जागा मिळेल तिथून बाहेर येतं. बांधकाम आधी झालेलं असतं, मशीन नंतर येतं, त्यामुळे हा कट्टा फार घरांत आडवा येतो. उपाय म्हणजे मशीन विटांच्या भक्कम, सपाट ओट्यावर उंच घेणं.

दुसरं कारण उंदीर. मशीन खालून उघडं असेल तर उंदीर आत शिरून पाइप कुरतडतात, आणि पाइप गेला की पुढे वायरी जातात. खालून जाळी बसवून घ्यावी.

तिसरं जरा गंभीर. टबाच्या तळाशी फिरत्या दांड्याभोवती रबरी सील असतं. ते फाटलं की टब फिरताना पाणी थेट खालच्या मोटरवर पडतं. लक्षण असं की टब फिरतानाच थेंब गळतात आणि काही दिवसांनी घरघर ऐकू येऊ लागते. ‘चालतंय तोवर चालवू’ हे इथे महागात पडतं. स्वस्तातल्या रबरापायी मोटर जळते.

व्हेंटेड: पाइपात परत येणारं पाणी

व्हेंटेड ड्रायरमध्ये टाकीही नसते आणि पंपही नसतो. ओली गरम हवा पाइपातून बाहेर जाते. ही हवा थंड पाइपाच्या अंगाला लागली की तिथेच पाणी धरतं. पाइप लांब असेल, मध्ये झोळीसारखा लोंबत असेल, तर त्या खोलगट भागात पाणी साठतं आणि मशीनकडे परत वाहतं. पाइप काढून त्याचं तोंड खाली करून बघा. पाणी सांडलं तर निदान झालं. पाइप शक्य तितका आखूड ठेवावा, पत्र्याचा असल्यास उत्तम, आणि उतार बाहेरच्या बाजूला द्यावा.

आपल्या भागात अजून एक गोष्ट बघावी लागते: पाइपाचं तोंड कोणत्या दिशेला निघालं आहे? आपला पाऊस नैऋत्येकडून, पश्चिमेकडून झोडपतो. पश्चिमेच्या भिंतीत भोक पाडून पाइप काढला असेल आणि बाहेर आपोआप मिटणारी झडप नसेल, तर जुलैमध्ये पावसाचं पाणी वाऱ्यासोबत सरळ पाइपात शिरतं. मशीन बंद असतानाही खाली ओल दिसते आणि माणूस उगाच मशीन उघडून बसतो.

पाइप बाहेर न काढता हवा न्हाणीतच सोडली, तर तीन लिटर पाणी त्या बंद खोलीत वाफ होऊन फिरतं आणि भिंती, टाइल्स, आरसा सगळ्यांवर उतरतं. याला गळती म्हणता येणार नाही. खिडकी उघडी ठेवणं आणि एक्झॉस्ट पंखा लावणं हाच त्यावर इलाज.

कंडेन्सर आणि हीट पंप

खरी गुंतागुंत इथे आहे. या मशीनमध्ये हवा बाहेर जातच नाही, आतल्या आत फिरत राहते. तापलेली कोरडी हवा ड्रममध्ये जाते, कपड्यातलं पाणी घेऊन ओली होते, जाळीच्या फिल्टरमधून गाळली जाते आणि कंडेन्सरच्या थंड पट्ट्यांवरून जाते. थंड ताकाच्या तांब्याला बाहेरून जसं पाणी सुटतं, तसं त्या पट्ट्यांवर पाणी धरतं आणि थेंब थेंब खालच्या खळग्यात जमतं. खळगा भरत आला की छोटा पंप ते पाणी उचलून वरच्या टाकीत नाहीतर ड्रेन पाइपात टाकतो. साध्या कंडेन्सर मशीनमध्ये पट्ट्या खोलीतल्या हवेने थंड होतात. हीट पंपमध्ये ते काम कॉम्प्रेसर आणि गॅस करतात.

म्हणजे वाट अशी: ड्रम, फिल्टर, पट्ट्या, खळगा, पंप, टाकी. आता मशीनवरचा दिवा बघा, कारण तो फार मोठा खबऱ्या आहे. खळग्यात एक तरंगता फ्लोट असतो. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की फ्लोट वर उचलला जातो, मशीन थांबतं आणि ‘टाकी भरली’ असा दिवा लागतो. टाकी खरंच भरली असेल तर प्रश्नच नाही, रिकामी करा. टाकी रिकामी आहे आणि तरी दिवा लागतोय, तर पाणी खळग्यातच अडकलंय: पंप तुंबलाय, नळी वाकलीय किंवा फ्लोट वरच अडकून बसलाय. दिवा लागलाच नाही आणि फरशीवर पाणी आहे, तर दोनच शक्यता: फ्लोट खाली चिकटून बसलाय, किंवा पाणी खळग्यापर्यंत पोचायच्या आधीच बाहेर पडतंय. दुसऱ्या शक्यतेत दाराचं रबर, कंडेन्सरचं झाकण आणि फिल्टरची बैठक तपासायची.

या सगळ्यामागचा मूळ गुन्हेगार बहुतेक वेळा एकच असतो: लव. टॉवेलची, सुती चादरीची, मुलांच्या बनियनची. फिल्टर बरीच लव पकडतो, सगळी नाही. निसटलेली लव ओल्या पट्ट्यांना चिकटते आणि पाण्याबरोबर खळग्यात उतरते. खळग्याचं झाकण काढून बोट फिरवलं की राखाडी लगदा हाताला लागतो. त्यात केस असतात, दोरे असतात, साबणाचा चिकट अंश असतो. वाळलेला थर तर नखाने ओढला की पुठ्ठ्यासारखा सोलून निघतो. हा लगदा पंपाच्या पंख्यात गुंततो, फ्लोटखाली बसतो, आणि एवढ्याशा लवेपायी सगळं पाणी फरशीवर येतं.

तेव्हा फिल्टर दर वेळी साफ करायचाच. हातानं लव काढली की झालं असं समजू नका. महिन्यातून एकदा जाळी नळाखाली धरून बघा. पाणी जाळीतून सरळ खाली गेलं तर ठीक. जाळीवर थांबून राहिलं, तर कपड्यांना टाकलेल्या सुगंधी कंडिशनरचा पातळ पापुद्रा तिच्यावर बसलाय. तो डोळ्यांना दिसत नाही, पण हवा अडवतो. मऊ ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने घासा, पूर्ण वाळवूनच परत बसवा. फिल्टर न लावता मशीन कधीच चालवू नका. लव हीटरपाशी पोचली तर प्रश्न पाण्याचा राहत नाही, आगीचा होतो.

साध्या कंडेन्सर मशीनमध्ये पट्ट्यांचा अख्खा ठोकळा बाहेर निघतो. तो नळाखाली धुवायचा, निथळू द्यायचा, आणि परत घालताना खाचेत नीट बसवून दोन्ही खिट्ट्या पूर्ण फिरवायच्या. एक खिट्टी अर्धवट राहिली की त्या फटीतून ओली हवा बाहेर येते आणि मशीनच्या पोटाशी ओल दिसते. ठोकळा धुतल्यानंतरच गळती सुरू झाली असेल, तर आधी या खिट्ट्या बघा. हीट पंप मशीनमध्ये पट्ट्या जागेवरच असतात आणि त्यांच्या कडा नाजूक असतात. मऊ ब्रश एकाच दिशेने, वरून खाली फिरवायचा. चमचा, सुरी, तारेची घासणी यांतलं काही लावायचं नाही. काही मशीनं पट्ट्या आतल्या पाण्याने आपल्या आपण धुतात, तिथे हात घालायची जागाच ठेवलेली नसते. गॅसच्या नळ्यांना मात्र कुणीच हात लावू नये. काही नव्या मशीनांत प्रोपेन असतो, आणि तो ज्वालाग्राही आहे.

टाकीकडे लोक फार दुर्लक्ष करतात. कपडे काढले की टाकी ओतायची, पुढच्या वेळेवर ठेवायची नाही. परत घालताना ‘टक’ असा आवाज येईपर्यंत सरकवायची. अर्धा इंच बाहेर राहिली तर पंपाने उचललेलं पाणी टाकीच्या तोंडात न पडता बाजूने आत ओघळतं. त्या टाकीतलं पाणी स्वच्छ दिसतं म्हणून काही जण ते इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात. तसं करू नका. त्यात लव आणि साबणाचा अंश असतो, बॅटरीला डिस्टिल्ड पाणीच लागतं. फरशी पुसायला हे पाणी वापरा.

टाकीऐवजी ड्रेन पाइप लावला असेल तर त्याचं शेवटचं टोक बघा. ते पाण्यात बुडालेलं नसावं. वॉशिंग मशीन आणि ड्रायर या दोघांचे पाइप एकाच भोकात कोंबलेले असतील, तर वॉशिंग मशीनने जोरात सोडलेलं पाणी तुंबून ड्रायरच्या पाइपात उलटं शिरू शकतं. बुळबुळीत पाण्याची मघाची खूण इथे उपयोगी पडते. पाइप किती उंच न्यायचा याची मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते; ती ओलांडली की पंप बिचारा हरतो.

आता उताराकडे परत येऊ, कारण तो नुसतीच फसगत करत नाही, गळतीही घडवतो. जाळीकडे उतरत्या फरशीवर ठेवलेलं मशीन एका अंगाला कलतं. आत खळग्यातलं पाणी पंपापासून दूरच्या कोपऱ्यात जमतं. तिथे फ्लोटला त्याचा पत्ता लागत नाही आणि कडेवरून ते बाहेर पडतं. वरच्या टाकीतही पाणी एकीकडे झुकून लवकर सांडतं. मशीनच्या डोक्यावर पाणसळ ठेवा, एकदा आडवी आणि एकदा उभी. बुडबुडा मधोमध येईपर्यंत मशीनचे पाय फिरवून उंची जुळवा. पुठ्ठ्याच्या घड्या किंवा फरशीचे तुकडे खाली सारणं टाळा. पुठ्ठा भिजतो, तुकडे हादऱ्याने सरकतात, आणि पंधरा दिवसांत मशीन पुन्हा होतं तिथेच.

दाराचं रबर तपासणं दोन मिनिटांचं काम. कागदाची पट्टी दारात अडकवून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज निघाली तर त्या जागी पकड नाही. असं गोलाकार चारी बाजूंनी करा. बऱ्याचदा रबर फाटलेलं नसतं, त्यावर लवेचा थर असतो. ओल्या फडक्याने पुसलं की पकड परत येते.

आणि कपडे. हाताने धुऊन हाताने पिळलेले कपडे सरळ ड्रायरमध्ये टाकले, तर त्यांच्यातून धार लागते. ते पाणी वाफेच्या वाटेने जाणारच नाही, थेट दाराच्या फटीकडे येईल. ओली वाकळ तर ड्रायरमध्ये घालायचा विचारही नको. आधी वॉशिंग मशीनमध्ये पिळून घ्या. विजेच्या दृष्टीनेही तेच स्वस्त. एक लिटर पाण्याची वाफ करायला जवळजवळ पाऊण युनिट वीज लागते, तेवढंच पाणी फिरवून काढायला त्याच्या काही अंशानेही लागत नाही.

खोली फार तापली तर साध्या कंडेन्सरचं काम बिघडतं, कारण त्याच्या पट्ट्या खोलीच्या हवेनेच थंड व्हायच्या असतात. बहुतेक मॅन्युअल 35 अंशांच्या आत चालवा म्हणतात. अर्थात मे महिन्यात सांगलीत ड्रायर लावणारा माणूस शोधूनच काढावा लागेल. तिथे गच्चीवर जीनसुद्धा तासा-दोन तासांत वाळते. पण पावसाळ्यात न्हाणीचं दार-खिडकी लावून ड्रायर चालवला, तर ती छोटी खोली तेवढी तापू शकते.

वॉशर-ड्रायरचं थोडं वेगळं

यातली बरीच मशीनं वाफेचं पाणी करायला नळाचं थंड पाणी वापरतात. म्हणून धुणं झाल्यावर नळ बंद करू नका, वाळवण्याचं काम अडेल. गळती असेल तर तीन जागा बघा: दाराच्या रबराच्या खालच्या घडीत अडकलेली नाणी, हेअरपिन, केस, खालच्या पंप फिल्टरचं अर्धवट फिरवलेलं झाकण, आणि पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह. बोअरच्या जड पाण्याचा क्षार या व्हॉल्व्हमध्ये बसला की तो पूर्ण मिटत नाही आणि मशीन बंद असतानाही पाणी झिरपत राहतं. नळ बंद केल्यावर गळती थांबली, तर दोष तिथेच. शिवाय धुण्याची क्षमता आठ किलो असली तरी वाळवण्याची बरीच कमी, बहुधा पाच किलोच्या आसपास असते. आठ किलो धुऊन आठही किलो वाळवायला लावले की कपडे दाराच्या रबराला रेटतात.

मिस्त्री कधी बोलवायचा

आरसीसीबी (वीज गळाली की आपोआप बंद होणारा बोर्डातला सुरक्षा स्विच) सारखा पडत असेल, जळका वास येत असेल, बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर वरचं काहीही करत बसू नका. प्लग काढा आणि फोन करा. पंप आवाज करतोय पण पाणी उचलत नाही, खळगा साफ करूनही दिवा जात नाही, अशा वेळीही माणूस लागेल. फोनवर नुसतं ‘पाणी गळतंय’ म्हणण्यापेक्षा मॉडेल नंबर, किती मिनिटांनी गळतं, कुठला कोपरा आधी भिजतो आणि दिवा लागतो की नाही, हे सांगा. म्हणजे तो योग्य सील किंवा पंप बरोबर घेऊन येईल, दुसरी खेप वाचेल. बदललेला जुना पार्ट मागून घ्या. वॉरंटी चालू असेल तर स्क्रू स्वतः उघडू नका.

सांगली-मिरजेच्या नदीकाठच्या लोकांसाठी अजून एक गोष्ट. 2005, 2019 आणि 2021 मध्ये कृष्णेचं पाणी घराघरात शिरलं तेव्हा तळमजल्यावरची मशीनंही बुडाली. पुरात बुडालेला ड्रायर बाहेरून धुऊन-पुसून कोरडा दिसला, तरी प्लग लावून बघायचा मोह आवरा. मोटरच्या वेढ्यांत, जोडांत आणि सर्किटच्या पाटीवर गाळ बसलेला असतो. खळग्यात तर हमखास असतो, आणि पंप चालू झाल्या झाल्या तो गाळ ओढतो. विमा असेल तर साफ करायच्या आधी पाण्याची खूण दिसेल असे फोटो काढा, नंतर मिस्त्रीकडून मशीन पूर्ण उघडून धुऊन, वाळवून, वायरींचं इन्सुलेशन तपासून घ्या. पाणी वाढत असताना वेळ मिळाला, तर आधी टाकी आणि खळगा रिकामा करा आणि मशीन उभंच ठेवून वर न्या. हीट पंप असेल तर नव्या जागी ठेवल्यावर काही तास तसंच राहू द्या आणि मगच चालू करा. आडवं झाल्यास कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं, ते परत खाली उतरायला वेळ लागतो.